घरातली वीज – लेखांक ९ : फ्यूजवरचा आकडा काय सांगतो

फ्यूजवर १६ अँपिअर लिहिलेलं असलं की सतरावा अँपिअर येताच तो उडणार, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो आकडा फ्यूज कधी उडेल हे सांगतच नाही. फ्यूज बेताबाहेर न तापता कितीही वेळ किती प्रवाह वाहून नेईल, एवढंच तो सांगतो. घरगुती आणि औद्योगिक वापराच्या बंद, म्हणजे एचआरसी, फ्यूजची आंतरराष्ट्रीय कसोटी पाहिली की हे स्पष्ट होतं. साध्या वापराच्या १६ ते ६३ अँपिअरच्या फ्यूजमधून सव्वापट प्रवाह तासभर सोडला तरी तो वितळता कामा नये, १.६ पट प्रवाह सोडला तर तासाभरात वितळलाच पाहिजे. म्हणजे १६ च्या फ्यूजने २० अँपिअर तासभर सोसायचे आणि २५.६ ला तासाच्या आत तुटायचं. या दोन आकड्यांच्या मधे तो कधी उडेल याची हमी कोणी देत नाही.

ही ढिलाई कारखानदाराच्या निष्काळजीपणाची नाही. फ्यूज प्रवाह मोजत नाही, तो फक्त तापतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते आणि आजूबाजूला निघून जाते. निर्माण होणारी निघून जाणारीपेक्षा जास्त झाली की पट्टीचं तापमान चढत जातं. प्रवाह थोडाच जास्त असेल तर हे चढणं संथ असतं, दसपट असेल तर क्षणात संपतं. शॉर्टसर्किटला फ्यूज डोळ्याचं पातं लवण्याआधी उडतो आणि किंचित जादा भाराला तासभर ढिम्म राहतो, याचं कारण एवढंच. संथ जादा भारासाठी एक देखणी युक्तीही आहे. एचआरसी फ्यूज फोडला तर वाळूत पुरलेली, जागोजागी खाचा पाडलेली तांब्याची किंवा चांदीची पट्टी दिसते आणि तिच्यावर मधोमध कथलाचा एक ठिपका. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, कथील २३२ अंशांनाच. वितळलेलं कथील तांब्याला स्वतःत विरघळवून घेतं, त्यामुळे पट्टी लालबुंद होण्याच्या कितीतरी आधीच तिथे तुटते. मेटकाफ यांनी १९३९ साली हा परिणाम मांडला.

आता कोणी विचारेल, मग काटेकोर १६ ला तुटणारा फ्यूज का करू नये? समजा तसा केला, तर शेतातला पंप चालूच होणार नाही. पाच हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटर पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते, पण थेट स्टार्टरने सुरू होताना दोन-तीन सेकंद सहापट, म्हणजे ४५ च्या आसपास. तेवढे सेकंद सोसावेत म्हणून तिथे २० अँपिअरचा फ्यूज घालतात. मग साडेसातच्या मोटरला २० चा फ्यूज कसं वाचवणार? तो वाचवतच नाही. मोटर वाचवणं हे स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं काम. फ्यूज आहे तो वायरसाठी. या लेखातला माझा मुद्दा हाच आहे: फ्यूजचा आकडा उपकरणाकडे बघून नव्हे, वायरकडे बघून ठरवावा. नियमही तसाच आहे. भार फ्यूजच्या आकड्याहून जास्त नको, फ्यूजचा आकडा वायरच्या क्षमतेहून जास्त नको, आणि फ्यूज ज्या प्रवाहाला नक्की तुटतो तो वायरच्या क्षमतेच्या १.४५ पटीपलीकडे जाता कामा नये.

ही तिसरी अट किटकॅट फ्यूजला जड जाते, कारण तारेचा फ्यूज आकड्याच्या जवळपास दुप्पट प्रवाहाला तुटतो. १५ अँपिअरसाठी ठरलेली कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार अर्ध्या मिलिमीटरची असते. ती वितळते प्रीसच्या सूत्राप्रमाणे सुमारे २८ अँपिअरला. त्यामुळे १५ च्या किटकॅटमागे निदान २१ अँपिअर वाहणारी वायर हवी. दीड चौरस मिलिमीटरची वायर पाइपातून नेली तर साधारण १४ ते १६ अँपिअरचीच राहते. आणि हे झालं योग्य तार घातली तर. फ्यूज गेला की लवचीक वायरीतले तीन-चार पदर काढून पिळून घालतात, त्यातला ०.२ मिलिमीटरचा एक पदर सुमारे सात अँपिअरला वितळतो, पण चार पिळले की नेमका आकडा किती होतो हे वायरमनलाही सांगता येणार नाही, कारण पिळलेले पदर एकमेकांची उष्णता अडवून धरतात. वारंवार जाणारा फ्यूज ‘कमजोर’ आहे असं समजून पदर वाढवणं म्हणजे आधीच दुप्पट असलेली सवलत आणखी वाढवणं. मग तापते ती भिंतीतली वायर, जिचं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच टिकायचं असतं.

उन्हाळ्यात फ्यूज लवकर जातो, तेव्हा विदर्भात तरी एक आकडा वरचा घालावा, असाही युक्तिवाद ऐकू येतो. बंद पेटीतल्या गरम हवेत फ्यूज लवकर तुटतो हे खरं. पण त्याच ४५ अंशांत वायरची क्षमताही घटलेली असते, तेव्हा वरचा आकडा नेमका चुकीच्या वेळी घातला जातो. तिथे भार वाटून दुसरं सर्किट काढणं हाच उपाय.

एमसीबी आल्यावर हे सगळं जुनं झालं असंही नाही. १.१३ पट प्रवाहाला तासभर न तुटणं आणि १.४५ पटीला तासाभरात तुटणं, अशी तिचीही कसोटी आहे. पट्टा अरुंद झाला, इतकंच. उलट शॉर्टसर्किट तोडण्याच्या ताकदीत एचआरसी फ्यूज पुढे आहे. १०० केव्हीएच्या डीपीच्या टोकाशी शॉर्ट झाला तर सुमारे तीन हजार अँपिअर वाहतात, शहरातल्या मोठ्या रोहित्राजवळ पंधरा-वीस हजार. घरगुती एमसीबी सहा किंवा दहा हजारांची असते, एचआरसी ऐंशी हजारांपर्यंतची मिळते. मीटरशी म्हणूनच तो अजून टिकून आहे.

माणसाला शॉकपासून मात्र यातलं काहीच वाचवत नाही. जीव घ्यायला काही दशांश अँपिअरसुद्धा पुष्कळ होतात, आणि सर्वांत लहान फ्यूजलाही त्यांची दखल घेता येत नाही. ते काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं. पुढच्या आठवड्यात ती आणि अर्थिंग एकत्र पाहू.