उन्हातून गाभाऱ्यात
लेखमाला : डोळे आणि दिसणे (भाग सहावा)

मे महिन्यात भर दुपारी निलंग्याच्या नीळकंठेश्वर मंदिरात शिरलात, तर आधी काहीच दिसत नाही. मंदिर हेमाडपंती. तीन बाजूंना तीन गाभारे, महादेवाचा, विष्णूचा आणि हरगौरीचा. चौथ्या बाजूने आत यायची वाट. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे उन्हात लखलखत असतात. आत मात्र पायरी पायाने चाचपावी लागते. भाविक घंटा वाजवतो, हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो आणि उन्हात परततो. गाभाऱ्यात कोरीवकाम काय होते, खांबांवर काय होते, हे त्याने पाहिलेलेच नसते. त्यात अंधाराचा दोष नाही. त्याने डोळ्यांना वेळच दिलेला नसतो.

हा वेळ नेमका कशासाठी लागतो, ते या भागात पाहू.

उन्हाळी दुपारचा उजेड मोजला, तर तो १ लाख लक्सच्या घरात भरतो. समईच्या उजेडातला गाभारा जेमतेम पाच-दहा लक्सचा. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास आणि अमावास्येला नुसत्या चांदण्यांचा उजेड त्याच्याही शेकडोव्या हिश्श्याएवढा. म्हणजे उन्हापासून चांदण्यांपर्यंत सुमारे दहा कोटी पटींचा फरक पडला आणि हे सगळे आपण एकाच डोळ्यांच्या जोडीने निभावतो.

बहुतेकांना वाटते, हे काम डोळ्यातली बाहुली करते. अंधारात ती मोठी होते, उजेडात बारीक. आरशासमोर टॉर्च धरून कोणीही बघावे. पण हिशेब मांडला की तिची मजल कळते. बाहुली दोन मिलिमीटरपासून फार तर आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. व्यास चौपट, म्हणजे आत येणारा प्रकाश सोळा पट. दहा कोटींच्या व्यवहारात सोळा म्हणजे चिल्लरच. उरलेले सगळे काम पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर चालते, आणि तिथे घाई चालत नाही.

पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या सुमारे ६० लाख. त्या रंग ओळखतात, बारकावे टिपतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दुसऱ्या दांड्यासारख्या, नऊ ते बारा कोटी. त्यांना रंग कळत नाही, पण अंधारात त्यांचाच आधार. दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. त्यावर प्रकाश पडला की त्याचा रंग उडतो आणि त्या क्षणी पेशी मेंदूकडे खबर धाडते. कडक उन्हात हे द्रव्य इतक्या झपाट्याने खर्ची पडते की दंडपेशी निकामी होऊन बसतात. मग माणूस अंधारात शिरला की द्रव्य नव्याने तयार व्हायला लागते, आणि ते आपल्या गतीनेच होते.

शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत सावरतात. दंडपेशींना अर्धा तास, कधी चाळीस मिनिटेही लागतात. समई तेवत असेल तर तीन-चार मिनिटे थांबूनही मूर्तीचा चेहरा, अलंकार दिसू लागतात. समईचा उजेड पोचत नाही त्या कोपऱ्यांसाठी मात्र वीस मिनिटे सभामंडपात बसून राहावे. औसा तालुक्यातल्या खरोसा लेण्यांतही हेच करावे. मोबाईलचा टॉर्च मात्र खिशातच ठेवायचा. तो एकदा डोळ्यांवर पडला की केलेली सगळी कमाई वाया, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आपले आजोबा गाभाऱ्यात डोळे मिटून हात जोडत आणि मग डोळे उघडून मूर्ती न्याहाळत. भक्तीचे जे असेल ते असो, डोळ्यांच्या दृष्टीने ही पद्धत चोख आहे. हल्ली बऱ्याच जुन्या देवळांत चकचकीत फरशी आणि पांढऱ्या ट्यूबलाईट आल्या आहेत. सोय झाली, हे खरे. पण सावलीच्या हिशेबाने घडवलेले शिल्प त्या उजेडात सपाट दिसते, असे माझे मत आहे.

अंधाराला सरावलेला डोळा किती तरबेज असतो, हे १९४२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी मोजून दाखवले. दंडपेशींनी अवघे पाच ते चौदा प्रकाशकण टिपले तरी माणसाला ‘काहीतरी चमकले’ असे कळते. त्याहून तल्लख उपकरण घडवायचे म्हटले तर मोठी यातायात करावी लागते.

पण या रात्रीच्या नजरेच्या काही खोडी आहेत. पडद्याच्या ऐन मध्यावर, जिथे आपण रोखून बघतो तिथे, दंडपेशी नाहीतच. त्यामुळे अंधारात एखादी अंधूक गोष्ट थेट पाहिली की ती नाहीशी होते आणि नजर जरा बाजूला वळवली की दिसते. थंडीत गावाबाहेर शेतात उभे राहून कृत्तिकांचा पुंजका असा तिरकस पाहा. चांदण्या एकदम वाढतात. दुसरी खोड रंगांची. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. म्हणून दिवेलागणीला अंगणातली जास्वंद काळवंडते आणि तिची पाने मात्र उजळ वाटू लागतात. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हा बदल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिपला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

ऱ्होडॉप्सिन बनते ते ‘अ’ जीवनसत्त्वापासून. ते आहारात नसेल तर दुपारी व्यवस्थित खेळणारे पोर संध्याकाळी दारातल्या बाजेला धडकते, ताटातला घास चाचपते. हे रातांधळेपण. सुश्रुतसंहितेत त्यावर बकऱ्याचे यकृत सांगितले आहे. उपाय अचूक होता, कारण ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा यकृतातच असतो. त्यामागचे रसायन मात्र विसाव्या शतकात उलगडले आणि त्याबद्दल जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चे नोबेल मिळाले. भारतात लहान मुलांना हे जीवनसत्त्व पाजण्याचा कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. मांसाहार नसलेल्या घरात शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पपई यांतून ते मिळते. भाजीत थोडे तेल मात्र हवे, नाहीतर अंगी लागत नाही.

सगळेच रातांधळेपण मात्र पाल्याने जात नाही. एक प्रकार आनुवंशिक आहे. त्यात दंडपेशी हळूहळू मरतात, आधी रात्रीची नजर जाते, मग बाजूचे दिसेनासे होते. रक्तातल्या नात्यात लग्न झाले की अशा आजाराची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत मराठवाड्यात आणि लगतच्या कर्नाटकात जुनी आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो. घरात दोघा-तिघांना रात्री दिसत नसेल, तर नवे नाते जुळवण्याआधी नेत्रतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

आणि म्हातारी माणसे. वय वाढले की बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही, आतले भिंग पिवळट होते. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. ‘आजीला लाईट लावायची भारी सवय’ म्हणून तिला हसू नये. तिला खरोखरच तिप्पट उजेड लागतो. रात्री लातूर रस्त्यावर समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरत असतील, तर मात्र ते नुसते वय नाही, बहुधा मोतीबिंदू आहे. त्यावर इलाज आहे. एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया करणारे आणि २००८ मध्ये पद्मश्री मिळालेले डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे.

तेव्हा दोन कामे करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. आणि दिवेलागणीनंतर ठेचकाळणारे पोर घरात वा शेजारी असेल, तर त्याला वेंधळे न म्हणता आरोग्य उपकेंद्रात न्या. ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस तिथे मोफत मिळतो.

पुढच्या भागात रंगांधळेपणाविषयी.