साखरेचे नवरा-नवरी

लग्नाच्या केकवर उभं असलेलं ते चिमुकलं जोडपं बघून बहुतेकांना वाटतं, प्लास्टिकचं असणार. पुष्कळदा असतंही. पण आमच्या वसईत ते साखरेचं करून घेणारे लोक आहेत आणि हाताने घडवून देणाऱ्या बायकाही आहेत. माझी मावशी त्यातलीच एक. तिच्याकडे दोन-तीन सुट्ट्या काढल्यावर माझं ठाम मत झालंय, की आपण चार वर्षं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि मास ट्रान्सफरच्या नावाने जे काही घोकतो, ते सगळं या चार इंची बाहुल्यांत भरलेलं आहे. फरक एवढाच, की आपल्याला केटी लागते, तिची ऑर्डर जाते.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे हा प्रकार आजकालचा नाही हे कळेल. १० फेब्रुवारी १८४० ला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. केक साधारण तीनशे पौंडांचा, घेर नऊ फुटांचा. त्यावर ब्रिटानिया देवी राणीला आणि प्रिन्स अल्बर्टला आशीर्वाद देतेय असा देखावा होता. जवळजवळ फूटभर उंचीच्या मूर्ती, पोशाख चक्क प्राचीन रोमन लोकांचे! नवरदेवाच्या पायाशी निष्ठेचं प्रतीक म्हणून कुत्रा, नवरीच्या पायाशी कबुतरांची जोडी. त्याआधी फ्रान्समध्ये आंतोनॅन कारेम (१७८४–१८३३) नावाचा आचारी होऊन गेला. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन इमारतींची चित्रं अभ्यासायचा आणि साखरेची देवळं, मनोरे उभे करायचा. म्हणजे सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आता मालाकडे वळू. याला शुगरपेस्ट किंवा फाँडंट म्हणतात. अर्धा किलो आयसिंग शुगर, दोन चमचे जिलेटिन दोन मोठे चमचे पाण्यात भिजवून विरघळवलेलं, दीड-दोन मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज, दोन छोटे चमचे ग्लिसरीन आणि चमचाभर वनस्पती तूप. पुरणपोळीच्या कणकेसारखं तिंबायचं. घरी मिक्सरवर केलेली पिठीसाखर चालत नाही, जिभेला आणि बोटाला कण लागतात. चालवायचीच असेल तर मलमलच्या फडक्यातून चाळा. यातला प्रत्येक जिन्नस कामाचा आहे. साखरेचे बारीक कण पाकात तरंगत असतात. ग्लुकोज त्या कणांना वाढून मोठं होऊ देत नाही, ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, आणि जिलेटिनच्या जाळ्यामुळे गोळा ताणला तरी तुटत नाही. जिलेटिन प्राण्यांपासून निघतं, त्यामुळे शाकाहारी गिऱ्हाईक असेल तर आधी विचारायचं. बिनजिलेटिनची तयार पेस्टही बाजारात मिळते.

पण ही पेस्ट केकवर पांघरायची. तिची बाहुली केली तर संध्याकाळपर्यंत मान टाकते. बाहुलीसाठी तिच्यात सीएमसी मळावं लागतं, म्हणजे कार्बोक्सी मिथाइल सेल्युलोज. पाव किलोला सपाट एक छोटा चमचा. हे सीएमसी म्हणजे मोठं बिलंदर प्रकरण आहे बरं का! तेलविहिरींच्या ड्रिलिंग मडमध्ये तेच, कपड्यांच्या पावडरीत तेच, वेल्डिंग रॉडच्या लेपातही तेच. (अर्थात खायचं ते फूड ग्रेडचं, वर्कशॉपमधून ढापून आणायचं नाही.) त्याच्या लांबलचक साखळ्या पाणी शोषतात, गोळा घट्ट होतो आणि वाळल्यावर कडक राहतो. मात्र पाणी शोषायला त्याला वेळ लागतो. मळून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवायचं. पूर्वी यासाठी ट्रॅगाकांथ नावाचा डिंक वापरत.

घडवायला सुरुवात खालून करायची. नवरी सोपी. गाऊन म्हणजे शंकू, पाया रुंद, गुरुत्वमध्य खाली, पडायचा प्रश्नच नाही. नवऱ्याने मात्र मावशीच्या डोक्याला ताप दिलेला आहे, कारण त्याला दोन पाय असतात! इथे गॅलिलिओचा जुना नियम आठवा. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि पायाचं क्षेत्रफळ चौपट, म्हणजे पायांवरचा ताण दुप्पट. त्यामुळे 'जरा मोठे करा ना, तेवढ्याच पैशात' असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण काय मागतोय हे कळत नसतं. चार इंचांच्या वर मावशी नवऱ्याला शक्यतो उभा करत नाही, बाकावर बसवते. उभा करायचाच तर पाय आधी दोन दिवस वाळवायचे, मग त्यावर धड, मग डोकं. पायांच्या आतून आधार लागतो, जसं काँक्रीटमध्ये सळई. हा आधार कसला असावा यावरून करणाऱ्यांत दोन तट आहेत. काही जण टूथपिक घालतात. मावशी न शिजवलेली स्पॅगेटी घालते. ती खाता येते आणि आजूबाजूचा थोडा ओलावा शोषून पेस्टला घट्ट धरते. मला हेच बरोबर वाटतं. कारण केक कापून झाला की बाहुलीवर पहिली झडप लहान पोरांची पडते, आणि आतली टूथपिक टाळूत घुसू शकते. काडी किंवा तार घातलीच असेल तर गिऱ्हाइकाला तोंडी आणि डब्यावर लिहून, दोन्ही प्रकारे सांगायलाच हवं. तार केकमध्ये थेट खुपसायची नाही, हेही लक्षात ठेवा.

जोड चिकटवायला चिमूटभर सीएमसी पाण्यात भिजवून केलेला गोंद, तोही ब्रशने नाममात्र. जास्त लावला की साखर विरघळून हात खांद्यावरून घसरतो. रंग जेलचे किंवा पावडरीचे, पातळ रंगाने पेस्ट चिखल होते. डोळे-भुवया रंगवताना पावडर पाण्यात नाही तर व्होडकात कालवतात. अल्कोहोल पटकन उडून जातं, पाणी साखरेला खड्डा पाडतं. (त्या बाटलीबद्दल घरात काय काय ऐकावं लागतं, तो वेगळा लेख होईल.)

खरा कस लागतो वाळवताना. पाण्याचा रेणू आतून पृष्ठभागापर्यंत डिफ्युजनने येतो आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक सेंटिमीटर जाडीचा हात एका दिवसात वाळत असेल, तर तीन सेंटिमीटरच्या डोक्याला हिशोबाने नऊ दिवस! म्हणून डोकं सगळ्यात आधी करून ठेवायचं आणि जोडणी सगळ्यात शेवटी. घाई करून उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवलं तर वरची साल आधी आकसते, आतला गाभा ओलाच असतो, आणि गालावर भेगा पडतात. शाडूचा गणपती उन्हात ठेवला की काय होतं ते पेणला कुणालाही विचारा, तोच प्रकार.

आणि मग आमच्याकडची हवा. २५ अंशांना हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की साधी साखर हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाघळू लागते. पेस्टमध्ये ग्लुकोज आणि ग्लिसरीन असल्याने ती त्याही आधी चिकट होते. जुलैतल्या वसईत तर ही हवा रोजचीच. मावशी बाहुल्या झाकणाच्या डब्यात, कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून सांभाळते. फ्रिज वर्ज्य. पण लोक फसतात ते फ्रिजमुळे कमी आणि एसीमुळे जास्त. गणित करून बघा. बाहेर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो जवळपास २६ अंशांवर. एसी गाडीतून बाहुली आली २२ अंशांची. गाडीतून उतरवून मांडवात डबा उघडला रे उघडला, की थंड पाण्याच्या ग्लासावर येतं तसं दव तिच्यावर जमतं. नवरीच्या गालावर चकाकी येते, नवऱ्याच्या काळ्या कोटाचा रंग तिच्या पांढऱ्या गाऊनवर उतरतो, आणि तीन दिवसांची मेहनत केक कापायच्या आत वाया! उपाय एकच: मांडवात पोचल्यावर डबा बंदच ठेवायचा, अर्धा-पाऊण तास, आतली हवा बाहेरच्याइतकी गरम होईपर्यंत. हे नवरीकडच्या उत्साही मामांना पटवून देणं हे मावशीच्या कामातलं सगळ्यात अवघड काम.

जोडप्याचं वजन भरतं पाव किलोच्या आसपास. मऊ केकवर ते थेट ठेवलं तर हळूहळू रुतत जातं. खाली पातळ बोर्ड आणि बोर्डाखाली केकच्या तळापर्यंत गेलेल्या तीन-चार नळ्या, म्हणजे भार केकवर न येता थेट खाली जातो. चक्क पाइल फाउंडेशन.

आता पैशांचं. सामान फार महाग नाही, त्यामुळे लोक साखरेच्या भावात हिशोब करतात आणि घासाघीस सुरू होते. पण चष्मा, टक्कल, नवरीच्या केसांतला गजरा, फोटोबरहुकूम सगळं करायला तीन दिवस लागतात, आणि पाच दिवस ती वाळवत सांभाळावी लागते. ते तास कुणी मोजत नाही. बऱ्याचदा ती मोजतही नाही. गेल्या सुट्टीत मी तिला वहीत तास लिहायला लावले, तर ताशी मजुरी आमच्या गल्लीतल्या गवंड्याच्या अर्धीही भरली नाही. त्यानंतर तिने दर वाढवले. दोन ऑर्डरी गेल्या, बाकीच्या राहिल्या.

लग्नानंतर हे जोडपं सहसा कुणी खात नाही, शोकेसमध्ये ठेवतात. कोरडं राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं. उजेडात गुलाबी आणि जांभळा रंग आधी उडतो, म्हणून खिडकीसमोर ठेवू नका. आणि शोकेसच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, कारण मुंग्यांना प्लास्टिक आणि साखर यांतला फरक बरोबर कळतो.