मोत्या आणि साळींदर

आम्ही मॉरिसव्हिलला राहतो असं सांगितलं की पलीकडून हमखास आनंदाचा उद्गार येतो. "अरे वा! म्हणजे देवळं, दुकानं, क्रिकेट, सगळं हाताशी!" मग सांगावं लागतं की मंडळी, ते नॉर्थ कॅरोलायनातलं मॉरिसव्हिल. आमचं व्हरमाँटमधलं, लमॉइल नदीकाठचं. इथे कढीलिंब संपला की बर्लिंग्टनची फेरी, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र आमचा भाव वधारतो. पानांचे रंग बघायला न्यू जर्सीपासून पाहुण्यांची रीघ लागते. महिनाअखेरीस पानं गळतात, तसे पाहुणेही गळतात. पानगळ आणि पहिला टिकाऊ बर्फ यांच्या मधल्या दिवसांना इथले लोक 'काड्यांचा मोसम' म्हणतात. आम्हाला खरं तर तोच आवडतो. झाडांआडून डोंगराची उघडी पाठ दिसते आणि रानात दडलेल्या जुन्या दगडी भिंतीही दिसू लागतात. एकोणिसाव्या शतकात मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीपायी इथले डोंगर बोडके केले होते. पुढे मेंढ्या गेल्या, कित्येक शेतकरीही पश्चिमेकडे गेले आणि रान परत आलं. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. आमच्या मागच्या उतारावर त्या काळाची आठवण म्हणजे एक पडकी भिंत आणि तिच्याशी एक सफरचंदाचं झाड. फळं आंबट, किडकी; पण हरणं, रानटी टर्की, एखाद वर्षी अस्वलसुद्धा, सगळ्यांची तिथे पंगत असते.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधला शेवटचा रविवार. सकाळी मोत्याला घेऊन जुन्या रेल्वेमार्गावरच्या पायवाटेनं फिरून आलो. रूळ केव्हाच उखडले. स्वाँटनपासून सेंट जॉन्सबरीपर्यंतची ही ९३ मैलांची वाट २०२३ साली पूर्ण झाली आणि आमच्या गावातूनच जाते. शिकारीचे दिवस, म्हणून आम्ही तिघं आणि मोत्या, चौघंही भडक नारिंगी जाकिटांत. दुपारी लाकडं रचली, मुगाची खिचडी खाल्ली, झोप काढली. असा अगदी निवांत दिवस.

संध्याकाळी साडेपाचला मोत्याला मागच्या दारानं बाहेर काढलं. लेक म्हणाली, "पट्टा लावू का?" आम्ही म्हणालो, "असू दे गं, दोनच मिनिटं."

दोन मिनिटांत उतारावरून असा आवाज आला की तो कुत्र्याचा आहे हेच आधी कळेना. टॉर्च घेऊन धावलो. मोत्याच्या तोंडाभोवती पांढऱ्या काड्यांची दाढी उगवली होती! ओठ, जीभ, टाळू, पुढचे पंजे. एक काटा उजव्या डोळ्याच्या अगदी खाली. आणि सफरचंदाच्या झाडावर, काही झालंच नाही अशा थाटात, एक गलेलठ्ठ साळींदर चढत होतं. आपल्याकडची सायाळ झाडावर चढत नाही. ही तिची अमेरिकन बहीण मात्र झाडावरच राहते म्हणा ना. ते काटे फेकतं ही समजूतही चुकीची. शेपटीचा फटका मारतं, आणि उरलेलं काम कुत्रा स्वतःच करतो.

पक्कड घेऊन बसलो. पहिलाच काटा ओढला तर मोत्या किंचाळला आणि काटा जागचा हलला नाही. मेपलच्या पाकाचा धंदा करणाऱ्या शेजारच्या आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "कापू नका, उपटू नका, त्याला पंजा मारू देऊ नका. निघा." बर्लिंग्टनच्या बाजूच्या तातडीच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत तासभर लेकीनं मागच्या सीटवर त्याचे पंजे धरून ठेवले होते. आमच्याशी ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भूल देऊन काटे काढले. डॉक्टरीणबाईंनी मोजून दाखवले: ११२. डोळा वाचला होता, पण त्या म्हणाल्या, एखादा मोडका तुकडा आत राहिला तर तो पुढे पुढेच सरकतो, तेव्हा महिनाभर लक्ष ठेवा. असं का, ते घरी येऊन वाचलं. काट्याच्या टोकाच्या जेमतेम चार मिलिमीटरमध्ये सातशे-आठशे सूक्ष्म उलटे आकडे असतात. २०१२ साली बोस्टनच्या संशोधकांनी मोजलं, तर या आकड्यांमुळे काटा आत शिरतो निम्म्या जोरात, आणि बाहेर काढायला मात्र चौपट जोर लागतो. एम.एस. करताना असं डिझाइन कुणी शिकवलं नव्हतं. रात्री दोन वाजता त्याचं कौतुक करण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी आजोबा बंदूक घेऊनच आले. "झाडावरच बसलंय. सांगा फक्त." खरं सांगायचं तर आमच्या तोंडी 'हो' आला होता. तेवढ्यात लेक रात्रीपासून पहिल्यांदा बोलली, "त्याने काय केलं? पट्टा कोणी नाही लावला?"

आजोबा हसले आणि पायरीवर बसले. त्यांच्या लहानपणी साळींदरं इतकी माजली होती की साली सोलून झाडं मारत. त्यांच्या मागे सरकारी बक्षीसही होतं, तरी संख्या हटेना. कारण त्यांचा वैरी, मुंगसाच्या थोराड भावासारखा दिसणारा फिशर, शिकारीपायी आणि जंगलतोडीपायी जवळजवळ संपला होता. मग १९५९ ते १९६७ या काळात मेन राज्यातून १२४ फिशर आणून इथल्या रानात सोडले. फिशर साळींदराच्या तोंडावर हल्ला करतो. तिथे काटे नसतात. हे सांगून आजोबा बंदूक घेऊन परत गेले. जाताना म्हणाले, "सफरचंदं तरी वेचून घ्या."

वेचली. दोन पोती निघाली. बरीचशी भिंतीपलीकडे रानात नेऊन ओतली, थोड्यांचा मुरांबा केला, तो चांगला झाला नाही. मोत्या आता पट्ट्याशिवाय बाहेर जात नाही. तीन आठवड्यांनी त्याच्या जबड्यावर एक गाठ आली आणि त्यातून ११३वा काटा आपणहून बाहेर आला, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

पुण्याच्या आजींना लेकीनं तो फोनवर दाखवला. आजी एकदम उत्साहानं म्हणाल्या, "अगं, टाकू नकोस! सीमंतोन्नयनाला साळूचाच काटा लागतो, भांग पाडायला. तीन पांढऱ्या पट्ट्यांचा. आता मिळतात कुठे!"

लेकीनं काटा उजेडात धरून फिरवला. "आजी, याला पट्टेच नाहीत. सगळा पांढरा, टोक तेवढं काळं."

"मग राहू दे तिकडेच," आजी म्हणाल्या. "मोत्याला फोन दे."