आजी-आजोबांचा धडा



लहान मूल जन्मतः कोणाचा तिरस्कार करीत नाही. ते बघून शिकते. शाळेच्या संमेलनात एखादा पोरगा पाठीला बाक काढून, काठी टेकीत, लटपटत येतो. सारी सभा हसते. घरात कोणी चिडून म्हणते, "म्हाताऱ्यासारखा काय बसलास?" मूल हे टिपते. म्हातारा म्हणजे निकामी माणूस, असे त्याच्या मनात पक्के बसते. मग आजोबांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली की ते उठून जाते. आजोबा गप्प होतात. भरल्या घरात एकटे पडतात.

यात नुकसान मुलाचेही आहे. तेही एक दिवस म्हातारे होणारच. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारी माणसे इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षे अधिक जगली, असे त्यांना आढळले. ही नजर लहानपणापासून घडत जाते. म्हणून हे काम पहिली-दुसरीच्या वर्गातच सुरू करावे, असे आम्हांला वाटते.

ते कसे करावे?

पहिली गोष्ट, मुलांना खरे कारण सांगावे. केसाच्या मुळाशी रंग तयार होत असतो. वयाबरोबर तो कमी होतो, म्हणून केस पिकतात. डोळ्यातले भिंग ताठर होते, म्हणून जवळची अक्षरे पुसट दिसतात. कान मंद होतात, म्हणून आजी पुन्हा पुन्हा "काय?" विचारते. तिची अक्कल कमी झाली म्हणून नव्हे! कारण कळले की भीती जाते आणि टिंगलही थांबते. म्हातारपण सगळे गोडच असते, असे मात्र सांगू नये. आजीचे गुडघे दुखतात, हे मुलाला दिसतच असते.

दुसरी गोष्ट, कथा निवडून सांगाव्यात. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी सर्वांना ठाऊक आहे. ती वाघाला घाबरली, पण युक्तीने सुटली. मुलांना विचारावे, "शहाणे कोण? वाघ की म्हातारी?" महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही सांगावे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. १९३६ साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले. १९५८ साली, वयाला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांना भारतरत्न मिळाले. पण प्रत्येक म्हातारा कर्वे होत नाही. जो अंथरुणाला खिळला आहे, त्याचाही मान तेवढाच, हे मुलांना सांगायला विसरू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आजी-आजोबांना वर्गात बोलवावे. नुसता हार घालून परत धाडू नये. मुलांनी आधी प्रश्न तयार करावेत. "१९७२ च्या दुष्काळात तुम्ही काय खाल्लेत? पाणी कोठून आणलेत?" एखाद्या आजीने गोधडीचा टाका शिकवावा. हे वर्षातून एकदाच न होता दर महिन्याला व्हावे. ज्या मुलाला आजी-आजोबा नाहीत, त्याने शेजारच्यांना घेऊन यावे.

मुलाने आजीला शिकवले तर आणखी चांगले. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने काढली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. घरी नातवंडे त्यांचा अभ्यास घेऊ लागली. ज्या नातवाने आजीचा हात धरून अक्षर गिरवून घेतले, तो तिला निकामी कसा म्हणेल?

आपल्यापैकी पुष्कळांनी उतारवयात पुस्तक हाती धरले आहे. त्यात लाज कसली? घरातले मूल आपल्याकडे बघत असते. आज संध्याकाळी हे पान त्याला वाचून दाखवा. एखादा शब्द अडला, तर त्यालाच विचारा.