पळणाऱ्यांची इंग्रजी

‘एस्केप’ म्हणजे निसटणे, एवढा अर्थ पाठ करून आपण पुढे जातो. या शब्दाच्या पोटात मात्र एक झगा दडलेला आहे. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘काप्पा’ म्हणजे खांद्यावरून घ्यायचा झगा. मागून कुणी झगा पकडला, माणसाने त्यातून अंग सोडवून घेतलं आणि पकडणाऱ्याच्या हाती नुसतं कापड राहिलं, असं चित्र त्यामागे आहे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. त्याचंच इटालियन भावंड ‘स्काप्पारे’. रस्त्यावर खेळ करणाऱ्यांच्या आणि खलाशांच्या तोंडून ते बहुधा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पोचलं आणि तिथे ‘स्कार्पर’ झालं. पोलीस दिसताच पोबारा करण्याला आजही हाच शब्द लावतात. ‘कट अँड रन’ हा तर सरळ जहाजावरचा. शत्रू अंगावर आला आणि नांगर ओढून घ्यायला वेळ नसला, की त्याचा दोर तोडून निघायचं.

हे शब्द पळणाऱ्यांच्या बाजूचे आहेत. पाठलाग करणाऱ्यांनी आपले शब्द वेगळे घडवले, आणि दोन्हींतली ओढाताण सर्वांत उघडी दिसते ती गुलामगिरीच्या इतिहासात.

स्पॅनिश वसाहतवाल्यांनी कॅरिबियन बेटांवर गुरं नेली. त्यांतली काही डोंगरात पळून रानटी झाली. अशा गुरांना ‘सिमारॉन’ म्हणत. पुढे मळ्यांवरून पळालेल्या आफ्रिकी गुलामांनाही तेच नाव पडलं आणि फ्रेंचमधून येताना त्याचं इंग्रजीत ‘मरून’ झालं. जमैकाच्या डोंगरांत या मरून लोकांनी गावं वसवली, शेती केली आणि इंग्रजी फौजेला वर्षानुवर्षं दमवलं. शेवटी 1739 मध्ये इंग्रजांना त्यांचा पुढारी कुजो याच्याशी तह करावा लागला. मरूनांचं स्वातंत्र्य आणि जमीन मान्य झाली. पण यापुढे पळून येणाऱ्या गुलामांना परत करायचं, अशी अटही त्यात होती. पळून स्वतंत्र झालेल्यांनाच इतरांच्या पळण्याची वाट अडवायला लावणारं हे कलम वाचताना आजही चीड येते. त्या शब्दाचीही पुढे परवड झाली. चाचे एखाद्याला निर्जन बेटावर सोडून देत, त्यालाही ‘मरून’ करणं म्हणू लागले. आज इंग्रजी वाचकाला या क्रियापदातून अडकून पडलेला असहाय माणूस दिसतो. डोंगरात गाव वसवणारा माणूस त्यातून पुसला गेला.

अमेरिकेत गुलामांचे मालक वर्तमानपत्रांत जाहिराती देत. ‘रॅन अवे’ किंवा ‘अॅबस्काँडेड’ अशी सुरुवात, मग वय, रंग, उंची आणि बक्षिसाची रक्कम. 1849 च्या ऑक्टोबरात मेरीलँडमधल्या एका मालकिणीने तीन जणांसाठी 300 डॉलरचं बक्षीस लावलं. त्यांत सुमारे सत्तावीस वर्षांची ‘मिंटी’ होती. बरोबरचे दोघे भाऊ कचरले म्हणून त्या खेपेला ती त्यांच्याबरोबर परतली, आणि थोड्याच दिवसांत एकटी निघून पेनसिल्व्हेनियात पोचली. जग तिला हॅरिएट टबमन म्हणून ओळखतं. नंतर ती पुन्हा पुन्हा मेरीलँडमध्ये शिरली आणि सुमारे 70 माणसांना तिने बाहेर काढलं.

‘अॅबस्काँड’चा मूळ अर्थ लपणं. आपल्याकडे पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत न कळवता नोकरी सोडणाऱ्याच्या नावापुढे आज हाच शब्द लिहितात. नोकरी सोडणं हा गुन्हा नव्हे; तिथे हा शब्द मला फार खटकतो.

टबमनच्या वाटेला नाव होतं ‘अंडरग्राउंड रेलरोड’. तिथे रूळही नव्हते आणि बोगदेही नव्हते. रेल्वे तेव्हा नवी होती आणि तिची भाषा उसनी घेतली होती: आसरा देणारं घर म्हणजे स्टेशन, घरमालक स्टेशन मास्तर, वाट दाखवणारा कंडक्टर. 1850 च्या कायद्याने उत्तरेतल्या मुक्त राज्यांतूनही माणसं पकडून नेणं सोपं झालं, तेव्हा ही वाट कॅनडापर्यंत लांबली. त्या कायद्याच्या नावातला ‘फ्युजिटिव्ह’, म्हणजे फरारी, हा शब्द अर्थातच पाठलाग करणाऱ्यांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या लेखनात आता त्याऐवजी ‘फ्रीडम सीकर’, स्वातंत्र्य शोधणारा, असं म्हणतात. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात निघून जाणाऱ्याची बाजू नावातच येते.

स्वतः गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस मात्र या वाटेच्या गाजावाजावर चिडलेला होता. 3 सप्टेंबर 1838 रोजी तो खलाशाच्या वेशात, एका मित्राकडून उसने घेतलेले खलाशाचे कागद खिशात ठेवून, बाल्टिमोरहून खऱ्याखुऱ्या आगगाडीत बसला होता. खलाशांची बोली त्याला येत होती, कारण गोदीत त्याने काम केलं होतं. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोचला. 1845 च्या आत्मचरित्रात त्याने हे कसं घडलं ते सांगितलं नाही. उत्साही मित्रांनी जाहीर बोलून ही भुयारी वाट जमिनीवर आणली, मालक त्यातून सावध होतात, अशी त्याची तक्रार होती. त्याच वाटेने दुसऱ्या कुणाला निसटायचं असेल, तर आपण तोंड मिटलेलं बरं, हे त्याने ओळखलं होतं. सविस्तर हकिगत त्याने छापली ती 1881 मध्ये, गुलामगिरी कायद्याने संपून सोळा वर्षं झाल्यावर.