शरद नेरुळकर वडशाचा असता तर

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मधला शरद नेरुळकर रात्री मोटारसायकलवरून मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवर फिरतो. त्याच्या कानात ‘माई’ नावाच्या, आपल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण कधी होऊ न दिलेल्या थोर गायिकेचं बोलणं चालू असतं. साधना, वैराग्य, पैशापासून दूर राहणं, असे ते सगळे उपदेश. हा आवाज दिला आहे दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांनी. पोटासाठी शरद जुन्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी करतो, आजीकडे राहतो, आजारी गुरूची सेवा करतो. आईला काळजी नोकरीची आणि लग्नाची. वडील स्वतः गाण्यात काही करू न शकलेले रसिक. लहानपणी मुलाला खेळायला जायचं असे तेव्हा त्याला गाणं ऐकायला बसवणारे. म्हणजे शरदची महत्त्वाकांक्षा निम्मी वारसाहक्काने आलेली आहे, आणि माझ्या मते सिनेमाचा खरा जीव या बापलेकाच्या नात्यात आहे. रागदारी ही त्याची पार्श्वभूमी.

२०२० साली व्हेनिसच्या ७७व्या महोत्सवात या सिनेमाला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला, शिवाय आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचाही. मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’नंतर, म्हणजे २००१नंतर, तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट. कार्यकारी निर्माता मेक्सिकोचे अल्फॉन्सो क्वारोन, आणि शरद झालेला आदित्य मोडक प्रत्यक्षातही शास्त्रीय गायक. गुरूच्या भूमिकेतले अरुण द्रविड हे तर मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले. एप्रिल २०२१मध्ये सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो घरातच पाहिला.

पाहून झाल्यावर एक प्रश्न डोक्यातून जाईना. हाच मुलगा मुंबईऐवजी वडशाला जन्मला असता तर?

वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. गोंदिया–नागभीड–बल्लारशाह लोहमार्गावरचं स्टेशन, आणि झाडीपट्टी रंगभूमीची बाजारपेठ. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. इथल्या नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशात एकमेकांना खेटून उभी आहेत. गावोगावची मंडळं इथे येऊन नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात, गावी जाऊन तिकिटं विकतात. हंगाम दिवाळीनंतर, मंडईबरोबर, म्हणजे गावजत्रेबरोबर, सुरू होतो आणि होळीच्या सुमाराला ओसरतो. धान कापून घरात आलं की हातात थोडा पैसा असतो, रात्री थंड असतात आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात. पूर्वी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक अशी जोडी होती. न्यायालयाच्या २०१४च्या बंदीने पट थांबले, २०२१च्या अखेरीस पुन्हा परवानगी मिळाली. नाटक मात्र पटाविनाही चालूच राहिलं.

अशा कंपनीत आपला शरद काय झाला असता? बहुधा ऑर्गनवादक. झाडीपट्टीच्या नाटकात गाणी रंगमंचावरच म्हटली जातात आणि साथ समोर बसून करायची असते. ऑर्गन, तबला आणि आता ऑक्टोपॅड. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. तालमी थोड्या, त्यामुळे प्रॉम्प्टरवर मोठी भिस्त. नट ओळ विसरला, कुणी प्रवेश चुकवला, लावणीला पुन्हा फर्माईश आली, की सांभाळून घ्यायचं ते वादकांनी. कोणता नट कोणत्या पट्टीत गातो आणि थंडीने त्याचा आवाज बसला तर किती सूर खाली उतरायचं, हे डोक्यात पक्कं लागतं. मग सकाळी गाडीत झोप आणि संध्याकाळी दुसरं गाव. मैफलीत बसणाऱ्या एखाद्या नामवंत साथीदाराला हे एक आठवडा जमेल का, याची मला शंका आहे.

आणि शिक्षण? गंडा बांधणारा गुरू इथे क्वचितच भेटतो, पण शाळा भरपूर आहेत. पहिली भजनमंडळाची. तुकडोजी महाराजांनी चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या रानात साधना केली; १९४२च्या ऑगस्टमध्ये चिमूरचा उठाव झाला तेव्हा त्यामागे त्यांच्या खंजिरी भजनांनी तापवलेली हवा होती, आणि सरकारने त्यांना चंद्रपुरात पकडलं. या भागातल्या कितीतरी पोरांच्या हातात पहिलं वाद्य येतं ते खंजिरी. दुसरी शाळा दंडार आणि खडी गंमत यांची. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि या लोककला यांच्या अभ्यासात आयुष्य घातलं. झाडीपट्टीचं नाटक या मुळांवरच उगवलं, हे त्यांच्यामुळे नीट कळतं. तिसरी शाळा भीमगीतांची. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर लगेच, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, आणि त्या मातीत गायनपार्ट्या रुजल्या.

ताम्हाणे यांच्या पहिल्या सिनेमातला, ‘कोर्ट’मधला (२०१४) नायकही गायकच होता: लोकशाहीर नारायण कांबळे. ती भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते, नट नव्हेत. करोनाने एप्रिल २०२१मध्ये ते गेले. म्हणजे या दिग्दर्शकाला विदर्भाचा आवाज अनोळखी नाही. तरी ‘डिसायपल’ची चौकट मुंबईच्या मध्यमवर्गाची आहे, आणि तिथे महत्त्वाकांक्षेचा प्रश्न एकच: मी थोर होईन का, आणि नसेन तर कधी थांबू? वडशाच्या शरदला थांबण्याचा प्रश्नच फारसा पडणार नाही. पावसाळ्यात रोवणी, हिवाळ्यात ऑर्गन. त्याचं मोठेपण पुढच्या वर्षी किती नाटकं मिळाली आणि जाहिरातीत नाव कुठल्या ओळीत छापलं यावर ठरेल. घरचं भांडण वेगळंच असेल. हंगामभर रात्री बाहेर असणाऱ्याला मुलगी कोण देणार? भावाने एकट्याने धान का मळायचं? आणि बाप स्वतः जुना तबलजी असला तर ऑक्टोपॅडवरून रोज ठिणगी पडेल.

या रंगभूमीची दिल्लीने दखल घेतली ती २०२३मध्ये. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. शेतकरी, विनोदी नट, ८०० वेगवेगळ्या भूमिका आणि ५०००हून अधिक प्रयोग. पण वादकांना असा मान अजून मिळालेला नाही.

सिनेमा गडचिरोलीत येतो तो बहुधा बंदूक नाहीतर समाजसेवा शोधत. याला ठळक अपवाद म्हणजे तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ (२०२२). झाडीपट्टीतल्याच रंगकर्मींना घेऊन त्यांनी तो केला आणि ‘न्यूटन’चे दिग्दर्शक अमित मसुरकर निर्मात्यांत होते. त्यात धांदल, गंमत, कंपन्यांची चढाओढ सगळं आहे, आणि बाहेरच्या माणसाचं कौतुकमिश्रित नवल जवळजवळ नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. मला त्यात हवी होती ती घराकडे परतणारी एखादी सकाळ. कंपनीचा सिनेमा झाला. वादकाच्या कुटुंबाचा अजून व्हायचा आहे.

‘डिसायपल’च्या शेवटी शरद बायको-मुलीसह लोकलमध्ये बसलेला असतो. डब्यात एक फिरस्ता वाद्य छेडत लोकगीत गात येतो, आणि कॅमेरा त्या गायकाकडे लक्ष देतो. सिनेमा तिथे संपतो हे योग्यच, कारण शरदची गोष्ट संपलेली आहे. पण त्या फिरस्त्याचं घर कुठलं, त्याला शिकवलं कुणी, हे विचारणारा पुढचा सिनेमा कुणीतरी काढायला हवा. त्याला फार पैसाही लागणार नाही: तंबू, कलाकार, वाद्यं आणि रात्र, सगळं वडशाच्या आसपास तयार आहे.

दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा, कुठेही जा, भिंतीवर नाटकाची जाहिरात दिसेलच. तिकीट काढून बसा, शाल न्या, आणि दोन-तीन प्रवेश तरी नटांऐवजी ऑर्गनवाल्याकडे बघा.