आंब्याच्या पेट्या व वाहतुकीची पावती

रत्नागिरीचा हापूस पूर्वी बोटीने मुंबईस जाई. आता बराच माल मालमोटारीने रातोरात वाशीच्या बाजारात पोहोचतो. पेटी भरताना बागाईतदार फळाची प्रत, पेंढ्याचा थर, डझनांची संख्या हे सर्व बारकाईने पाहतो. पेटी गाडीवर चढताना जो कागद हाती पडावयास हवा, त्याची मात्र सहसा चौकशी होत नाही. भाडे पुष्कळदा आडत्या परस्पर भरतो व पट्टीतून वळते करून घेतो, त्यामुळे भाड्याची पावती बागाईतदारापर्यंत येतच नाही. चाळीस पेट्या पाठविल्या आणि पट्टी सदतीस पेट्यांची आली, की तक्रार सुरू होते. पण पावतीवाचून ती तोंडीच राहते.

रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसंबंधीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आहे. भाडे घेऊन कोणाचाही माल नेण्याचा धंदा करणाऱ्या वाहतूकदारास तो लागू पडतो. माल पाठविणाराने मालाचे वर्णन, नग व किंमत लिहून द्यावी आणि वाहतूकदाराने त्याची पावती द्यावी, असा नियम आहे. माल गहाळ झाला किंवा बिघडला, तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा भार दावा करणारावर नसतो. ही सवलत लहान नव्हे. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशा कारणांनी नुकसान झाल्यास वाहतूकदार सुटू शकतो. परंतु तेथेही त्याने वाजवी काळजी घेतलेली असली पाहिजे.

भरपाईला मात्र मर्यादा आहे. साधारणतः ती भाड्याच्या दहापट, आणि लिहून दिलेल्या किमतीहून अधिक नाही. समजा, पेटीची किंमत ३,००० रुपये व भाडे १०० रुपये आहे. पेटी हरवल्यास १,००० रुपयांपर्यंतच मागता येतील. किंमत ५०० रुपये लिहिली असेल तर तेवढेच. याहून अधिक संरक्षण हवे असल्यास माल देतानाच जादा जोखमीचा दर कबूल करून तसे कागदावर नोंदवून घ्यावे लागते. भारी प्रतीच्या पहिल्या तोडीसाठी हा खर्च परवडण्याजोगा आहे. अखेरच्या हलक्या मालास बहुधा नाही.

वाडीतील चौघांचा माल एकाच पावतीवर जात असेल, तर प्रत्येकाचे नाव व पेट्यांची संख्या तीवर घालून घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच ही गोष्ट बागाईतदारांच्या ध्यानी आणून द्यावी. बाजारात पेट्या कमी भरल्यास किंवा फुटलेल्या निघाल्यास आडत्याकडून उतरणीच्या वेळीच पावतीवर शेरा लिहवून घ्यावा.

दावा लावण्यापूर्वी वाहतूकदारास लेखी नोटीस देणे आवश्यक असते, आणि ती माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. १५ मार्चला नोंदविलेल्या मालाची मुदत ११ सप्टेंबरला संपते. गणपतीनंतर हिशेब पाहू म्हणणाराची मुदत अशीच टळते. कोकण रेल्वेने पार्सल पाठविले असल्यास भरपाईची मागणी माल स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांच्या आत रेल्वेकडे लेखी करावी लागते.